मुक्त बाजार आणि दान: जिथे किंमतच नाही तिथे बाजाराचे नियम कितपत चालतात?

अर्धविराम:

मुक्त बाजाराची बाजू घेणाऱ्यांवर दोन आरोप हमखास होतात. एक, यांना दान मुळात पटत नाही. फुकट दिलं की माणूस आळशी होतो असं यांचं म्हणणं. दुसरा, सरकारने योजना गुंडाळल्या की दानशूर मंडळी पोकळी आपोआप भरून काढतील अशी यांची भाबडी समजूत. हे दोन्ही आरोप एकाच माणसावर कसे बसतात ते मला कळत नाही, पण बसवले जातात.

तत्त्वाचा वाद नकोय, त्यावर पुष्कळ धागे आधीच पडलेत. गाडं प्रत्यक्षात कसं चालतं ते हवंय. दान सत्पात्री असावं इथपर्यंत सगळे एकमत. सत्पात्र कोण हे ओळखायला किंमत काही मदत करते का, हा माझा मुद्दा. सुटे प्रश्न असे:

१. मुक्त बाजाराच्या मूळ मांडणीत दानाला जागा आहे का, की ती नंतर चिकटवलेली?
२. करसवलत दिली की दान खरंच वाढतं, की तेच पैसे या वर्षाऐवजी त्या वर्षी दिले जातात?
३. सरकारी अनुदान आलं की खासगी देणगी आटते का?
४. वस्तू द्यावी की रोख? आणि वस्तू दिली तर फुकट की नाममात्र किमतीला?
५. एखाद्या सेवाभावी संस्थेने मालाचं वाटप लिलावाने केलं तर सधन शाखाच सगळं उचलून नेणार नाहीत का?

एकेक घेतला तरी चालेल.


खडूफळा:

पहिला घेतो.

ॲडम स्मिथचं कसाई आणि बेकरीवाल्याबद्दलचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं: आपलं जेवण त्यांच्या परोपकारातून येत नाही, ते स्वतःचं हित बघतात म्हणून येतं. १७७६च्या त्या ग्रंथात लगेच खालच्या ओळींत एक भिकारी येतो, आणि तिथपर्यंत फारसं कुणी वाचत नाही. स्मिथ म्हणतो, भिकारीसुद्धा सर्वस्वी परोपकारावर जगत नाही. एकाने दिलेल्या पैशातून तो अन्न विकत घेतो. दुसऱ्याने दिलेले जुने कपडे तो आपल्याला जास्त सोयीच्या जुन्या कपड्यांशी बदलून घेतो, नाहीतर त्यांच्या बदल्यात निवारा, अन्न किंवा पैसे मिळवतो. म्हणजे दान पदरात पडल्यावरही नेमकी गरज भागवायला देवघेव लागतेच. तुमचा चौथा प्रश्न तिथेच येऊन बसलाय.

त्याआधी १७५९ साली त्यानेच लिहून ठेवलं होतं की परोपकार ही इमारतीची शोभा आहे, न्याय हा तिचा मुख्य खांब. शोभेशिवाय इमारत उभी राहते, खांबाशिवाय कोसळते. दान नको असं यात कुठेच नाही. दानावर समाज उभा करता येत नाही, एवढंच आहे.

दुसऱ्या आरोपाचं उत्तर मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन याच्याकडे आहे. १९६२ साली त्याने खासगी दानाला गरिबीवरचा अनेक अंगांनी सर्वांत चांगला उपाय म्हटलं आणि त्याच दमात मर्यादाही सांगितली. समोरची गरिबी हटली की मला बरं वाटतं. ती कुणाच्या पैशाने हटली याने माझ्या बरं वाटण्यात फरक पडत नाही. मग मी तुमची वाट बघतो, तुम्ही माझी. लहान वस्तीत चारचौघांच्या भिडेने माणूस हात सैल सोडतो. मोठ्या, अनोळखी समाजात ती भीड राहत नाही. याच कारणासाठी त्याने सरकारने किमान उत्पन्नाचा आधार द्यावा असं मांडलं आणि त्यासाठी ऋण आयकर (ठरावीक उत्पन्नाखालच्या माणसाने कर भरण्याऐवजी सरकारनेच त्याला पैसे देणं) सुचवला. बाजाराचा दुसरा मोठा पुरस्कर्ता अर्थशास्त्रज्ञ हायेकसुद्धा बाजाराबाहेर किमान निर्वाहाची सोय असावी या मताचा होता. पोकळी आपोआप भरेल असं या दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. फ्रीडमनचा १९७०चा गाजलेला लेखही दानाविरुद्ध नाही. कंपनीच्या व्यवस्थापकांनी भागधारकांच्या पैशाने दानशूर व्हावं, याला त्याचा आक्षेप होता. भागधारकाने स्वतःच्या खिशातून हवं तेवढं द्यावं.

आता खरी अडचण. बाजारात पैसे मोजणारा आणि वस्तू वापरणारा बहुतेक वेळा एकच असतो. चप्पल चावली की तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही, आणि दुकानदाराला काय चुकलं ते न सांगता कळतं. दानात देणारा एक, वापरणारा दुसरा. चप्पल चावते त्याच्याकडे पैसे नाहीत, आणि पैसे आहेत त्याच्या पायात ती चप्पल नाही. मधली संस्था दोघांपैकी पैसेवाल्याचं ऐकणार हे उघड आहे. म्हणून अहवाल देणगीदाराला आवडेल असा निघतो.

नफा न वाटणाऱ्या संस्था का असतात याचं हेन्री हान्समनने १९८० साली दिलेलं स्पष्टीकरण इथे लागू पडतं. माल पोचला की नाही हे देणगीदाराला दिसत नाही, म्हणून उरलेली रक्कम मालकांत वाटून घ्यायला कायद्याने बंदी. फसवणुकीतून मिळणारा लाभच छाटून टाकला. मात्र ही बंदी खिसा भरण्यापुरती. ढिसाळपणा, चुकीचा माल, नको तिथे नको ते पोचवणं यावर तिचा काही इलाज नाही.


ताळेबंद:

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्यात आकडे आहेत.

दानालाही किंमत असते आणि ती काढायला शाळेतलं गणित पुरतं. देणगीची उत्पन्नातून वजावट मिळत असेल आणि तुमच्या उत्पन्नाच्या सर्वांत वरच्या भागावर ३० टक्के कर असेल, तर संस्थेला १०० पोचवताना तुमच्या खिशातून ७० जातात. १ चं दान ०.७० ला पडलं. सूत्र: १ वजा सीमांत करदर. इथे सरासरी दर लावू नका, ही चूक सर्रास होते. याचा एक विचित्र परिणाम म्हणजे जेवढं उत्पन्न जास्त तेवढं दान स्वस्त. वजावटीऐवजी करातच ठरावीक टक्के सूट दिली तर किंमत सगळ्यांना सारखी राहते.

पुढचा प्रश्न लवचिकतेचा. किंमत १ टक्का उतरली की दान किती टक्के वाढतं? १ पेक्षा जास्त वाढलं तर सरकारने सोडलेल्या करापेक्षा संस्थांच्या पदरात जास्त पडतं. १ पेक्षा कमी वाढलं तर त्याच पैशात सरकारने थेट अनुदान दिलेलं बरं. सगळं भांडण या एका आकड्यावर आहे, आणि तो मोजताना फसगत होते ती अशी.

अमेरिकेत १९८६ साली करसुधारणा मंजूर झाली. सर्वांत वरचा दर ५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने २८ वर यायचा होता. १ डॉलरचं दान ५० सेंटला पडत होतं ते ७२ सेंटला पडणार, हे श्रीमंतांना आधीच ठाऊक झालं. त्यांनी वर्ष संपायच्या आत दानं उरकून घेतली आणि १९८७ला त्यांचा आकडा घसरला. नुसती ही दोन वर्षं शेजारी ठेवली तर दान किमतीला फारच हळवं आहे असं वाटतं. प्रत्यक्षात बराचसा भाग फक्त तारीख बदलण्याचा होता. अनेक वर्षांची माहिती घेऊन तात्पुरता आणि कायमचा बदल वेगळा काढला तेव्हा काही अभ्यासांत कायमच्या बदलाचा परिणाम बराच कमी भरला, पण यावर एकमत नाही. म्हणजे तुमची शंका अर्धी खरी आहे.

आणखी एक खाच. सवलत कागदावर असली तरी ती घेणारे किती? अमेरिकेत २०१७च्या कायद्याने सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट केली. त्यामुळे खर्चाची तपशीलवार यादी देणारे करदाते तीस टक्क्यांच्या आसपास होते ते दहाच्या आसपास आले. दानाची वजावट तेव्हा अशी यादी देणाऱ्यांनाच मिळायची, म्हणून बाकीच्यांसाठी दानाची किंमत पुन्हा पूर्ण १ झाली. दानाची वजावट कुणी काढून घेतली नव्हती.

आता मॅचिंग. 'तुम्ही १ द्या, आम्ही १ घालतो' याचा अर्थ किंमत ०.५०. निम्मी रक्कम परत मिळण्याची योजना असेल तरी किंमत ०.५०. कागदावर दोन्ही एकच, माणसं मात्र वेगळी वागतात. एकेल आणि ग्रॉसमन यांनी २००३ साली दाखवलं की मॅचिंगमध्ये संस्थेला जास्त मिळतं. कारण असं दिसतं: माणूस मनाशी १०० ठरवतो आणि परतीची टक्केवारी बघून तो आकडा फारसा हलवत नाही. मॅचिंग असेल तर त्याच्या १०० चे संस्थेकडे २०० होतात. परतावा असेल तर संस्थेकडे १०० च राहतात आणि ५० त्याच्या खिशात परत येतात.

मॅचिंगचं प्रमाण वाढवून उपयोग नाही, हेही मोजलेलं आहे. कार्लन आणि लिस्ट यांनी ५० हजारांहून जास्त जुन्या देणगीदारांना पत्रं पाठवून केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. मॅचिंगचा नुसता उल्लेख केल्याने दर पत्रामागचं उत्पन्न १९ टक्के वाढलं. पण १ ला २ किंवा १ ला ३ देऊ केल्याने १ ला १ पेक्षा काहीच जास्त मिळालं नाही. मोठ्या देणगीदाराने १ ला १ वर थांबावं आणि उरलेली रक्कम सरळ देऊन टाकावी. (तो ती रक्कम तशीही देणारच असेल तर 'मॅचिंग' हा नुसता देखावा आहे, पण ते पत्रात कुणी लिहीत नाही.)

शेवटी निधी उभारणीचा खर्च. संस्था सांगतात, १००० खर्चून ५००० आणले, म्हणजे १ ला ५. आत डोकावलं तर चित्र असं असू शकतं: पहिल्या ४०० वर ३६००, पुढच्या ४०० वर १२००, शेवटच्या २०० वर जेमतेम २००. सरासरी ५, शेवटच्या टप्प्यात १. हा शेवटचा टप्पा संस्थेला फुकट गेला असं वाटत नाही, कारण यादीत नवी नावं आली. पण ते २०० दुसऱ्या संस्थेकडे जायचे इकडे वळले असतील तर सगळ्या संस्था मिळून २०० चं निव्वळ नुकसान आहे. बाजारात स्पर्धेने भाव उतरतो. इथे स्पर्धेने टपालखर्च वाढतो.


सीमांत:

पाचव्या प्रश्नासाठी अमेरिकेतल्या फूड बँकांचं (दानात आलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थांचं) उदाहरण बघा. यावर नुसती तात्त्विक चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण प्रत्यक्ष करून झालेलं आहे.

फीडिंग अमेरिका ही तिथल्या दोनशेच्या आसपास फूड बँकांची शिखर संस्था (२००५ साली नाव वेगळं होतं). मोठे उत्पादक ट्रक भरभरून माल शिखर संस्थेला देऊ करतात. तो कोणत्या बँकेला पाठवायचा हा रोजचा प्रश्न.

२००५ पर्यंत पद्धत रांगेची होती. बँकेच्या भागातल्या गरजेवरून तिचा वाटा ठरायचा आणि वाट्याच्या मानाने कमी पाउंड वजनाचा माल मिळालेली बँक रांगेत पुढे. ट्रक आला की पहिल्या नंबरला फोन. काही तासांत हो किंवा नाही कळवायचं, हो म्हटलं तर ट्रकभाडं बँकेने भरायचं, नाही म्हटलं तर पुढच्या नंबरला फोन. ऐकायला अगदी न्याय्य. घोटाळा असा की मोजमाप नुसतं वजनाचं होतं. पाउंडभर बटाटे आणि पाउंडभर सीरियल (नाश्त्याला खायचं तयार धान्य) हिशेबात सारखेच. शिवाय बँकांना बहुतांश माल स्थानिक देणगीदारांकडून मिळायचा आणि कुणाच्या गोदामात आज काय पडून आहे हे मुख्य कार्यालयाला कळायला मार्ग नव्हता. भाजीने गोदाम भरलेल्या बँकेला पुन्हा भाजीचाच ट्रक देऊ केला जायचा. तोवर माल फोनाफोनीत अडकून राहायचा, आणि तो कुजणारा असेल तर संपलंच. हायेकने १९४५ साली मांडलेला मुद्दा हाच होता: हवी ती माहिती असते, पण हजार ठिकाणी विखुरलेली, आणि मध्यभागी बसलेल्याला ती गोळा करता येत नाही.

शिकागो विद्यापीठाच्या कॅनिस प्रेंडरगास्ट आणि सहकाऱ्यांना बरोबर घेऊन संस्थेने २००५ साली नवी पद्धत आणली. तिचे सुटे भाग असे.

चलन 'शेअर्स' नावाचं, फक्त या व्यवस्थेत चालणारं. ते गरजेनुसार वाटलेलं, म्हणजे ज्या भागात गरिबी जास्त त्या बँकेला शेअर्स जास्त. दिवसातून दोनदा बंद बोलीचा (एकमेकांची बोली न बघता लावायचा) लिलाव. ज्याची बोली जास्त त्याला ट्रक, आणि बोललेले शेअर्स त्याने भरायचे. दिवसभरात खर्च झालेले शेअर्स रात्री पुन्हा सगळ्या बँकांत गरजेच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे चलन कुणाकडे तुंबून राहत नाही. लहान बँकांना उधारीवर बोली लावता येते, दोघींनी मिळून एक ट्रक घेता येतो. आणि मला सर्वांत आवडलेला भाग: उणे बोली चालते, उणे २००० पर्यंत. नकोसा माल उचलला की उलट शेअर्स मिळतात. देणगीदाराला नाही म्हणून दुखवायचं नसतं, आणि तो माल न्यायचा भुर्दंड कुणीतरी सोसायचा असतो. त्या भुर्दंडालाही भाव मिळाला.

पहिल्यांदाच भाव दिसू लागले तेव्हा वजनाचा हिशेब किती फसवा होता ते उघड झालं. पाउंडामागे सीरियल, पास्ता अशा टिकाऊ मालाचे भाव चढे, ताज्या भाजीचे जवळपास शून्य. यात अजिबात नवल नाही. भाजी सगळीकडून मिळत होती आणि टिकत नव्हती.

'सधन शाखा सगळं उचलतील' हे इथे घडत नाही, कारण सधन म्हणजे शेअर्सने सधन नाही, स्थानिक मालाने सधन. अशी बँक आपले शेअर्स साठवून मोजके महाग ट्रक घेते. जिच्याकडे स्थानिक माल कमी ती तेवढ्याच शेअर्समध्ये स्वस्त मालाचे पुष्कळ पाउंड नेते. दोघींना हवं ते मिळतं. शिवाय माल पटकन उचलला जातो म्हटल्यावर देणगीदारही हात सैल करतात. पद्धत बदलल्यावर आवक वाढली.

कुणाला अशी पद्धत लहान प्रमाणावर करायची असेल तर बिघडण्याच्या जागा या. खरा पैसा आत येऊ देऊ नका. शेअर्स रोखीने विकत घ्यायची मुभा दिली की गरजेनुसार वाटलेलं बळ एका दिवसात वाहून जातं. चलनाचा साठा आवकेशी बांधा: माल दुप्पट झाला आणि चलन तेवढंच राहिलं तर भाव पडतात, आणि काल शेअर्स जपून ठेवणाऱ्याला फुकटचा फायदा होतो. ज्या शाखेत रोज बोली लावायला माणूस नाही तिच्या वतीने बोली लावणारा कुणी नेमा, नाहीतर ती मुकाट्याने बाहेर पडते आणि तक्रारही करत नाही. वाहतूक खर्च कोण भरणार हे बोलीआधी स्पष्ट लिहा. आणि माल दोनतीनच प्रकारचा असेल, शाखा पाचसात असतील, तर लिलावाच्या नादी लागू नका. फोन करून विचारलेलं स्वस्त पडतं.


अर्धविराम:

@सीमांत, हे फारच नेमकं, धन्यवाद. पण मग याला मुक्त बाजार म्हणायचं का? सुरुवातीचं वाटप तर कुणीतरी वर बसून ठरवलंय.


सीमांत:

बरोबर. आणि म्हणूनच ते चाललं. कुणाला किती बळ द्यायचं हा न्यायाचा प्रश्न, तो समितीने ठरवला. त्या बळातून काय घ्यायचं हा माहितीचा प्रश्न, तो भावांवर सोडला. पारंपरिक दान हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाकडे देतं आणि तिथे गोंधळ होतो.


दुसरीबाजू:

चौथ्या प्रश्नावर थोडं थंड पाणी ओततो, कारण वरचं वाचून 'किंमत लावा, सगळं सुरळीत होईल' असा समज व्हायचा.

नाममात्र किमतीच्या बाजूने दोन दावे होतात. किंमत लावली की ज्याला खरी गरज तोच घेतो, हा एक. पैसे मोजले की माणूस वस्तू वापरतो, फुकटची कोपऱ्यात पडते, हा दुसरा. दोन्ही तपासून झालेत.

केनियात गरोदर स्त्रियांना दवाखान्यातून कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या वेगवेगळ्या किमतींना देऊन कोहेन आणि दुपा यांनी अभ्यास केला. तो २०१० साली आला. किंमत शून्यावरून ०.६० डॉलर केली, तीही मोठं अनुदान धरून, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्केबिंदूंनी कोसळलं. पैसे देणाऱ्या स्त्रिया जास्त आजारी होत्या असं नाही, आणि त्या मच्छरदाणी जास्त वापरत होत्या असंही नाही. वर हेही धरा की अशा मच्छरदाणीने डास मरतात, तेव्हा शेजारच्यालाही फायदा होतो. ज्या वस्तूचा लाभ शेजाऱ्यापर्यंत पोचतो तिची किंमत वापरणाऱ्याकडून पूर्ण घेऊ नये, हे तर बाजाराच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

झांबियात पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनवर त्याच वर्षी आलेला अभ्यास थोडा वेगळं सांगतो. जास्त किमतीला घेणाऱ्यांनी ते पाण्यात टाकण्याची शक्यता जास्त होती. कारण उघड आहे: क्लोरीनने साफसफाईही करता येते, आणि स्वस्त मिळालं की ते फरशीवर जातं. पण पैसे मोजले 'म्हणून' वापर वाढला, असं तिथेही स्पष्ट दिसलं नाही. किंमत फक्त चाळणीचं काम करत होती.

तेव्हा किंमत लावण्याआधी विचारा: ही वस्तू दुसऱ्याच कामाला लागू शकते का? तिचा लाभ शेजाऱ्याला होतो का? घेणाऱ्याच्या हातात त्या दिवशी रोकड असेल का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तर थोडी किंमत चालेल. तिसऱ्याचं उत्तर नाही असेल तर किंमत गरज मोजत नाही, खिसा मोजते. अशा वेळी पैशाऐवजी थोडी खटपट लावता येते. केनियात क्लोरीन घरपोच न देता दर महिन्याला कूपन दाखवून न्यायला सांगितलं. नुसतंच घेऊन ठेवणारे गळाले, पाण्यात टाकणारे बहुतेक टिकले. खटपट फार झाली तर मात्र मजुरी बुडणारा माणूस पहिला गळतो, ते सांभाळावं.

रोख की वस्तू, याचं उत्तर देणाऱ्याच्या मनोवृत्तीत शोधू नका, तिथल्या पुरवठ्यात शोधा. पश्चिम केनियात गिव्हडायरेक्टली या थेट रोख मदत देणाऱ्या संस्थेने साडेदहा हजार कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिलेल्या दर डॉलरमागे स्थानिक उलाढाल सुमारे अडीच डॉलरने वाढल्याचं दिसलं, आणि भाव जेमतेम ०.१ टक्का चढले. दुकानं होती, माल येत होता, लोकांचे हात रिकामे होते, म्हणून पैसा फिरला.

उलट फिलिपिन्समध्ये दुर्गम गावांत, जिथे गावातली बरीच घरं रोख मदतीला पात्र होती, तिथे अंडी, मासे अशा नाशवंत अन्नाचे भाव चढले आणि मदत न मिळालेल्या घरांतल्या मुलांची वाढ खुंटण्याचं प्रमाण वाढलं. एकाच्या हातातली रोख दुसऱ्याच्या ताटातून काढून घेत होती. मेक्सिकोत रोख आणि धान्यवस्तू यांची गावोगाव तुलना झाली, तेव्हा वस्तू दिलेल्या गावांत त्या वस्तूंचे भाव रोख दिलेल्या गावांपेक्षा सुमारे ४ टक्के खाली होते, आणि दुर्गम गावांत हा फरक जास्त. स्थानिक पिकवणाऱ्याच्या दृष्टीने हेच नुकसान, हेही लक्षात ठेवा.

रस्ता पक्का असेल, दुकानं चारपाच असतील आणि गावातल्या थोड्याच घरांना मदत जाणार असेल तर रोख द्या. एकच दुकान, पावसाळ्यात तुटणारा रस्ता आणि बहुतेक घरांना मदत, असं असेल तर वस्तू पाठवा किंवा दोन्ही मिसळा.

जुन्या कपड्यांचं वेगळं. १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतल्या वस्त्रोत्पादनात जी घट झाली तिच्यापैकी सुमारे ४० टक्के घटीचं कारण वापरलेल्या कपड्यांची आयात, असा फ्रेझरचा २००८चा हिशेब आहे. ते कपडे तिथे फुकट वाटले जात नाहीत, गठ्ठ्यांनी विकले जातात. देणाऱ्याने दान केलं, पोचेपर्यंत त्याचा व्यापार झाला. स्मिथचा भिकारी यावर हसला असता.

आळशी होण्याच्या आरोपाबद्दल दोनच ओळी. अर्थशास्त्रज्ञ बुकॅननने १९७५ साली मांडलेला परोपकाऱ्याचा पेच असा: मी मदत करणारच हे समोरच्याला पक्कं ठाऊक असेल तर त्याचे प्रयत्न सैलावतात, आणि ऐन वेळी मला 'नाही' म्हणवत नाही. खरा तिढा त्याच्या आळसात नाही, माझा शब्द टिकत नाही यात आहे. म्हणून मदतीची मुदत, रक्कम आणि अट आधीच जाहीर करावी, आणि निर्णय समोर बसलेल्या माणसावर न सोडता समितीवर ठेवावा.


ताळेबंद:

तिसरा प्रश्न राहिला होता.

सिद्धांत असा: देणगीदाराला फक्त काम होण्याशी मतलब असेल तर सरकारने १०० दिले की तो आपले १०० काढून घेईल, कारण काम तेवढंच झालं. हे पूर्णपणे घडत नाही. जेम्स आंद्रेओनीने १९८९-९० मध्ये मांडलं की माणसाला काम होण्याबरोबरच 'मी दिलं' याचंही समाधान हवं असतं, आणि ते समाधान सरकारच्या पैशातून मिळत नाही.

पण आकडा गंमतीदार आहे. आंद्रेओनी आणि पेन यांच्या २०११च्या अभ्यासात अमेरिकी संस्थांना मिळालेल्या दर १०० सरकारी अनुदानामागे खासगी देणग्यांत सुमारे ७५ ची घट भरली, आणि ती जवळजवळ सगळी देणगीदार मागे सरकल्यामुळे नव्हे, तर संस्थेनेच मागणं कमी केल्यामुळे. अनुदान आलं, निधी उभारणीचा माणूस दुसऱ्या कामाला लावला, पत्रं गेली नाहीत, देणग्या आल्या नाहीत.

म्हणून अनुदान देणाऱ्याने दोन गोष्टी करारात घालाव्यात: निधी उभारणीवरचा खर्च आधीच्या वर्षापेक्षा खाली जाणार नाही, आणि अनुदानाचा काही भाग खासगी देणगी जमेल त्या प्रमाणातच मिळेल. संस्थेच्या बाजूने बघायचं तर अनुदान तीन वर्षांचं असेल तर चौथ्या वर्षासाठी देणगीदारांची यादी पहिल्याच वर्षापासून जिवंत ठेवावी लागते. मधल्या काळात न विचारलेला देणगीदार दुसरीकडे रुळलेला असतो.


अर्धविराम:

सगळ्यांचे आभार. एकच शेपूट: वर्षाची ठरलेली रक्कम एका संस्थेला द्यावी की दहांत वाटावी? शेअर बाजारात तर एका टोपलीत अंडी ठेवू नका म्हणतात.


सीमांत:

शेअर बाजारात वाटून गुंतवता कारण बुडालात तर तुम्ही बुडता. इथे जोखीम तुमची नाही, कामाची आहे. तुमची रक्कम संस्थेच्या वर्षाच्या खर्चापुढे किरकोळ असेल तर तुमच्या देण्याने तिची सीमांत उपयुक्तता (पुढच्या रुपयाने होणारं काम) हलत नाही. आज जी सर्वांत जास्त गरजेची वाटते ती तुमचे पैसे गेल्यावरही तशीच राहते, मग दुसरा हिस्सा दुसरीकडे नेण्याला कारण उरत नाही. तुमची रक्कम एवढी मोठी असेल की तिने ती संस्था भरून जाईल, तर वाटा. कोणती चांगली याचाच अंदाज लागत नसेल तर दोनतीन निवडणं समजू शकतं, पण मग ती मनःशांतीची किंमत आहे, असं स्वतःशी मान्य करावं.

दुसरं म्हणजे दर देणगीमागे पावती, नोंद, आभाराचं पत्र आणि पुढच्या वर्षीचं स्मरणपत्र असा ठरावीक खर्च असतो, रक्कम कितीही असो. एका देणगीमागे तो ५ धरला तर १०० एकाच ठिकाणी दिले की ९५ कामाला येतात. तेच १०० दहा ठिकाणी वाटले की ५०.